गोगलगायींचा पहिला पत्ता

खरं बोलणाऱ्या माणसाची आपल्याकडे किती चटकन वाट लावता येते, हे मला माझ्याच हाताने टाइप केलेल्या एका तक्त्याने शिकवलं. तेव्हापासून मला तक्त्यांचा राग येतो. सरांचा येतो, गावाचा येतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा येतो.

मी दीप्ती. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. प्रकल्पाचं नाव लांबलचक: पिकांवरील गोगलगायींचा प्रसार आणि त्यांच्यातील जनुकीय विविधता. साध्या भाषेत सांगायचं तर पावसात पाच तालुके पालथे घालायचे, मुठीएवढ्या आफ्रिकन गोगलगायी कुठल्या शेतात कुठलं पीक खातात ते लिहायचं, आणि प्रत्येक ठिकाणच्या थोड्या गोगलगायींच्या मांसल पायाचा तुकडा कापून स्पिरिटच्या छोट्या बाटलीत भरायचा. बाटलीवर नंबर, फॉर्मवर शेतमालकाचं नाव. पुढचं काम मशीन करतं. ह्या गोगलगायी एकाच घराण्यातल्या की वेगवेगळ्या, एकाच वाटेने आल्या की चार वाटांनी, हे मशीन सांगतं.

मशीन खोटं बोलत नाही. माणसांचं तसं नाही. जून उजाडला की मी पाठीवर सॅक टाकून दारोदार फिरायचे आणि दारोदार तेच उत्तर मिळायचं, "आमच्याकडं नाय हो कसल्या गोगलगायी." खेडजवळ एक गृहस्थ मला हे ठासून सांगत होते आणि त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवरून एक चांगली जाडजूड गोगलगाय वर चढत होती. मी तिच्याकडे बघत होते, ते माझ्याकडे बघत होते. मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं आणि चहा पिऊन उठले.

लोक का लपवतात तेही मला ठाऊक होतं. सावर्ड्याच्या बाजारात एकदा का कुणी म्हणालं, की अमक्याच्या शेतात त्या किळसवाण्या गोगलगायी आहेत, तर अमक्याच्या काकडीला कुणी हात लावत नाही. म्हणून बायका उजाडताना घमेलं घेऊन बाहेर पडतात, वेलांवरून गोगलगायी वेचतात, आणि गडग्यापलीकडे भिरकावतात. गडगा म्हणजे आमची जांभ्या दगडांची बिनचुन्याची कुंपणभिंत. पलीकडची बाई दुसऱ्या दिवशी त्याच गोगलगायी तिच्या पलीकडे भिरकावते. अशा रीतीने ते बिचारं सरपटणारं जनावर एका पावसात अख्खी वाडी फिरून येतं. मिठाच्या पाण्यात बुडवून मारा म्हणून मी कितीदा सांगितलं. मीठ आणायला, बादली भरून ठेवायला कुणाला वेळ आहे? भिरकावणं सोपं.

एकच माणूस निघाला ज्याने स्वतः फोन करून मला बोलावलं. तो माझा सख्खा काका, काशीराम.

"गो बाय," काका फोनवर म्हणाले, "तुज्या त्या गोगलगायी आपल्या दळ्यात आल्यात. कवा येतंस?"

दळं म्हणजे त्यांच्या शेताचा तुकडा. एखाद्या पाहुण्याची वार्ता द्यावी तसा आवाज होता. मी लहानपणी त्यांच्याच घरात वाढले. बाबा मुंबईला गिरणीच्या वॉचमनकीत अडकलेले, म्हणून माझं शाळेचं सगळं काकांनी आणि चंपाकाकीने केलं. पुतणी शास्त्राचं काम करते ह्याचा काकांना इतका अभिमान, की मला लागतील म्हणून त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत पिकाप्रमाणे गोगलगायी निवडून ठेवल्या होत्या. ही काकडीवरची, ही पडवळाची, ही झेंडूची, ही माठाची. अकरा डबे. प्रत्येक डब्यावर खडूने पिकाचं नाव. मी फॉर्म भरताना विचारलं, "काका, नाव घालू ना तुमचं?"

"घाल की. मी काय चोरी केलीय?"

मी ठळक अक्षरात लिहिलं, काशीराम सोनू तांबे. तारीख अठरा जून. प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या सरांनी त्या डब्यांचा फोटो मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवला आणि म्हणाले, "ह्याला म्हणतात शेतकऱ्याचं सहकार्य." मी तेव्हा फुगून बसले होते. आता तो फोटो आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते.

ऑगस्टपर्यंत हातापाया पडून मी गावातल्या आणखी सहा जणांना राजी केलं. सहाही जणांची अट एकच होती, नाव यायला नको. मी 'खाजगी शेत' असं लिहीत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

नोव्हेंबरात मशीनचं उत्तर आलं. पाच तालुक्यांतली एक्केचाळीस ठिकाणं, खेडपासून खाली नाटे गावच्या किनाऱ्यापर्यंत, आणि सगळ्या गोगलगायी अगदी एकसारख्या. विविधता शून्य. सरांचं तोंड उतरलं, कारण सगळं एकसारखं निघालं की पेपर लिहायला काही उरत नाही. मला मात्र गंमत वाटली. कुठल्या तरी काळी मूठभर गोगलगायी कुणीतरी इकडे आणल्या आणि त्यांचीच पिलावळ सगळीकडे पसरली. त्यामुळे कुठली कुठून आली हे त्यांच्या जनुकांवरून ओळखताच येत नाही. नाट्याची गोगलगाय खेडात नेऊन सोडली तर मशीनलासुद्धा पत्ता लागणार नाही.

पैसे देणाऱ्या संस्थेची अट होती, की निष्कर्ष मराठीत लिहून ग्रामपंचायतींना पाठवायचे. ते काम माझ्यावर आलं. मी गावागणिक तक्ता केला, तारखेच्या क्रमाने. आमच्या गावच्या तक्त्यात पहिली ओळ अशी: ठिकाण एक, काशीराम सोनू तांबे, अठरा जून, बाधित पिके अकरा. खाली सहा खाजगी शेतं, ऑगस्ट, बाधित पिके दोन किंवा तीन. आणि तळाला एक वाक्य: सर्व ठिकाणच्या गोगलगायींची जनुकीय रचना ठिकाण एकशी तंतोतंत जुळते.

'ठिकाण एकशी' हे मी लिहिलं. कशाशी तरी जुळतं म्हणायला हवं होतं, म्हणून पहिलं ठिकाण घेतलं. इतकंच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चंपाकाकीचा फोन आला. काकी कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"तुज्या कागदानं आमचं पानी तोडलं गो," ती म्हणाली.

पाणी म्हणजे पाटाचं पाणी. पावसाळा सरला की आमच्याकडे अख्खं गाव मिळून पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, दगडमातीचा कच्चा बंधारा घालतं. अडलेलं पाणी पाटाने शेताशेतांतून फिरतं आणि प्रत्येकाची पाळी लागते. त्या पाळीवर हिवाळ्याची भाजी होते. काकांचं दहा गुंठ्यांचं दळं त्यांच्या वडिलांनी कातळावर डोक्यावरून माती वाहून बनवलेलं, सातबारा त्यांच्या नावावर. जमीन कुणी काढून घेऊ शकत नाही. पण पाळी देणं न देणं गावकीच्या, म्हणजे गावच्या बैठकीच्या, हातात. मुळा, वांगी, पावटा, मिरची, सगळं लावून झालं होतं आणि गावकीने ठराव केला, की काशीरामची पाळी बंद. त्याच्या दळ्यातून गेलेलं पाणी पुढे गोगलगायी घेऊन जातं. डीएनए जुळलाय.

बंधाऱ्याला दगड वाहायला काका चार दिवस राबले होते. ठराव झाला पाचव्या दिवशी.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, एक पत्र द्या. ह्या रिपोर्टवरून गोगलगायी कुणाकडून आल्या हे ठरत नाही, त्या काशीराम तांब्यांकडून पसरलेल्या नाहीत, असं स्पष्ट लिहा."

"दुसरं वाक्य कसं लिहिणार? आपल्याला ते माहीत नाही," सर म्हणाले. "आणि गावच्या भांडणात आपण पडायचं नसतं, दीप्ती. आपण कुणाची बाजू घेत नाही."

"सर, त्यांचं पाणी तोडलंय."

"वाईट आहे. पण माझा विषय गोगलगाय आहे."

मला त्या टेबलावरची स्पिरिटची बाटली उचलून भिंतीवर फोडावीशी वाटली. मी नाही फोडली. करार मार्चमध्ये संपत होता. सरांनी शेवटी दोन ओळी दिल्या: सदर निष्कर्षांवरून प्रसाराचा उगम निश्चित करता येत नाही. खाली सही, शिक्का.

रविवारी सकाळची एसटी पकडून मी सावर्ड्याला उतरले आणि रिक्षाने गावात गेले. बैठक शाळेच्या पडवीत होती. मध्ये खुर्चीवर गावचे मानकरी सखाराम. त्यांच्या शेजारी गावच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी अजिंक्य, ठाण्याला ऑफिसात असतो, बंधाऱ्यासाठी आठवडाभर आलेला. माझा रिपोर्ट पहिल्यांदा मोबाइलवर उघडून वाचून दाखवला तो ह्यानेच. खाली सतरंजीवर चाळीसेक पुरुष. बायका बाहेर आंब्याच्या सावलीला उभ्या. काका पडवीच्या पायरीवर बसले होते, चपला काढून. आपल्याच गावच्या शाळेच्या पायरीवर त्यांना तसं बसलेलं बघून माझं डोकं फिरलं, पण मी ठरवून आले होते की आवाज चढवायचा नाही.

मी समजावून सांगितलं. सगळ्या गोगलगायी सारख्या आहेत, सखारामकाका. तुमच्या, आमच्या, खेडच्या, नाट्याच्या. काशीरामकाकांच्या गोगलगायी तुमच्याशी जुळतात तशा नाट्याच्या कोळ्याच्या परसातल्याही जुळतात. मग काय काकांनी पोतं पाठीला मारून तिकडेही नेऊन सोडल्या?

दोघेचौघे हसले. सखाराम हसले नाहीत. "पयली तारीख कुनाची हाय कागदावर?"

"त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, म्हणून त्यांची आहे. तुम्ही ऑगस्टमध्ये सांगितलंत."

"आमी कवा सांगितलं? आमचं नाव हाय काय त्यात?"

नाव नव्हतंच. खाजगी शेत, तीन. मीच लिहिलं होतं.

मी सरांचं पत्र पुढे केलं. अजिंक्यने ते घेतलं, दोनदा वाचलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, उगम निश्चित करता येत नाही, असं लिहिलंय. म्हणजे काशीरामकाकांकडून आल्या नाहीत, असंही निश्चित नाही ना?"

शिकलेल्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता. समोरचा अडाणी असता तर मी समजावलं असतं. हा सगळं समजून बोलत होता.

मग माझा निश्चय मोडला. मी पडवीतून उतरले. शाळेला लागूनच सखारामांच्या आगराचा, म्हणजे परसबागेचा, गडगा आहे. मी त्यातला एक दगड ओढला, मग दुसरा. डिसेंबरात गोगलगायी शंखाच्या तोंडाला पांढरा पापुद्रा लावून फटीत झोपतात, हे मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. तिसऱ्या दगडामागे त्या दाटीवाटीने बसल्या होत्या, पंचवीस तरी. त्यांच्या खाली जुने पांढरे पडलेले रिकामे शंख, कित्येक पावसाळ्यांचे. मी ओंजळभर उचलून सखारामांच्या पायाशी ओतले.

"ह्या कुणाच्या?" मी ओरडले. "ह्या काय काशीराम तांब्यांनी रातोरात तुमच्या भिंतीत कोंबल्या? हे शंख बघा, झिजून चुना झालाय त्यांचा! तुमच्याकडे ह्या कधीपासून आहेत ते सांगा ना आता!"

सखारामांनी पाय मागे घेतले. आणि आंब्याखालून त्यांची बायको मथुरा बोलली. गावच्या बैठकीत ती त्याआधी कधी बोलली असेल असं मला वाटत नाही.

"चार पावसाळं झालं," ती म्हणाली. "चार पावसाळं रोज सकाळची मी घमेली भरून पलीकडं टाकतंय. काशीरामाच्या दळ्यात. ह्यांनीच सांगितलं टाकाय. माजी कंबर मोडली वाकून वाकून, आनि हे म्हनतात आमच्याकडं नायत!"

"मथुरा, गप ऱ्हा," सखाराम म्हणाले.

"चार वर्सं गपच व्हते."

मला वाटलं, झालं. जिंकलो. मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली होती. मागच्या दोघातिघांनी माना खाली घातल्या, म्हणजे त्यांच्याही घमेल्यांच्या वाटा तिकडेच जात असणार. खरी गोष्ट चाळीस माणसांसमोर, घरच्याच बाईच्या तोंडून बाहेर पडली होती. आता उठून कुणीतरी चुकलो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

अजिंक्यने घसा खाकरला. "काकी बोलल्या ते आम्ही ऐकलं. पण ते रिपोर्टात नाही."

"मी आत्ता लिहिते!" मी म्हणाले.

"आता लिहून कसं चालेल, मॅडम? सर्व्हे संपला. कागदावर जे आहे त्यावर ठराव झाला. ठराव सारखा सारखा बदलायला लागलो तर गावकी कशी चालायची?" तो इतरांकडे वळला. "पुढच्या वर्षीच्या रिपोर्टात काकांचं दळं साफ आलं, तर पाळी परत. तसं लिहून घेऊ. काय, सखारामकाका?"

सखारामांनी मान हलवली. सतरंजीवरच्या माना हलल्या. एखादी मोठी मेहरबानी केल्यासारखे सगळे उठले. मी जे तोंडाला येईल ते बोलले. आमचा हात बंधाऱ्याच्या दगडाला चालतो आणि पाण्याला का चालत नाही, ते मला माहीत आहे, तुमच्या आज्यापणज्यांपासून माहीत आहे, आज फक्त तुम्हाला गोगलगाय सापडली, असंही बोलले. चपला घालायच्या गडबडीत होते सगळे. काकांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "चल. काकीनं भाकरी टाकलीय."

त्या हिवाळ्यात काकांचं दळं करपलं. मुळा आधी गेला, मग पावटा. वांगी फुलावर येऊन वाळली. काकी विहिरीवरून डोक्यावर हंडे आणून मिरचीच्या दोन ओळी जगवत होती. पाट दळ्याला चिकटून वाहत होता, दिवसरात्र, आणि त्यात काकांनी एक ओंजळसुद्धा बुडवली नाही. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ, तहसीलदारांकडे जाऊ, मी लिहिते अर्ज. काका म्हणाले, "तू लय लिवलंस."

त्यांनी ते रागाने म्हटलं असतं तर मला सोसलं असतं.

माझा करार पुढे वाढला. जुलैत दुसऱ्या वर्षाचा सर्व्हे सुरू झाला तेव्हा सर म्हणाले, "ठिकाण एक सोडू नकोस. आपल्याकडची सगळ्यात विश्वासार्ह नोंद तीच आहे."

मी गेले. आठ दिवस पाऊस लागून राहिला होता, अगदी गोगलगायींचा पाऊस. दळ्याच्या बांधावरूनच मला काकडीचे वेल दिसले. पानांच्या नुसत्या शिरा राहिल्या होत्या. झेंडूचे देठ उभे, वर काही नाही. पडवळाच्या मांडवाच्या खांबांवर चिकट, चमकणारे पट्टे. रंगाचा एकही डबा कुठे दिसत नव्हता.

काका ओटीवर बसले होते. मी फॉर्म काढला. पेन काढलं. आतून चंपाकाकी आली आणि दाराशीच थांबली.

"काका," मी म्हणाले, "गोगलगायी आहेत ना?"

"नायत."

"काका, मी आत्ता बघून आले."

"मागल्या साली व्हत्या. ह्या साली नायत." ते सरळ माझ्या डोळ्यांत बघत होते. मला वाढवलेल्या ह्या माणसाला मी जन्मात कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्यांना ते नीट जमतही नव्हतं. "सकाळची जातंय मी घमेलं घेऊन. पलीकडं. सगळी जातात तसा. आता माज्याकडं नायत. लिव."

"मी खोटं लिहू?"

"डिसेंबरात पानी पायजे मना," काका म्हणाले. "तू खरं लिवलंस तवा काय झालं ते बगितलंस ना?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. अकरा डब्यांवर खडूने नावं लिहिणाऱ्या माणसाला हे बोलायला लावणाऱ्या प्रत्येकावर ओरडायचं होतं, सखारामांवर, अजिंक्यवर, केबिनमधल्या सरांवर. पण ते कुणीच तिथे नव्हते. तिथे पेन हातात घेतलेली मीच होते. मी लिहिलं: गोगलगायी, नाही. बाधित पिके, निरंक. खाली सही केली.

काकांनी हात पुढे केला. मी फॉर्म दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, बोट ठेवून एकेक रकाना वाचत खाली आले, मी खरोखर तसंच लिहिलंय की नाही ते दोनदा तपासलं, आणि मगच काकीला चहा टाकायला सांगितलं.